ध्यान लागत नाही म्हणून बाळाचं काही अडत नाही

प्रश्न : मी बेळगावातल्या वडगावात राहते. दुसऱ्यांदा दिवस गेलेत, एकोणतिसावा आठवडा चालू आहे. मोठी मुलगी चार वर्षांची. खालच्या खोलीत चार माग आहेत, सकाळी आठपासून खटखटाट असतो. मोबाइलवर गर्भसंस्काराचा क्लास लावलाय. पहाटे चारला उठून पाऊण तास ध्यान करा, श्वास रोखून धरा, मन निर्विचार ठेवा असं त्यात सांगतात. मला एकतर झोप लागते नाहीतर रडू येतं. श्वास रोखला की गरगरतं. सासूबाई अभिमन्यूची गोष्ट सांगतात, सुभद्रेला झोप लागली म्हणून त्याला चक्रव्यूहातून बाहेर पडणं कळलं नाही. माझ्यामुळे बाळाचं नुकसान होतंय का? पुढच्या महिन्यात खानापूर तालुक्यात माहेरी जाणार आहे. कन्नड मला कामापुरतंच येतं, दवाखान्यात गोंधळते. पहिल्या बाळंतपणानंतर दोनेक महिने कशातच रस वाटायचा नाही, सारखं रडू यायचं. कुणाला बोलले नाही. ध्यान केलं तर यावेळी ते टळेल का?

उत्तर :

ताई, आधी पहाटे चारचा गजर बंद करा. सातव्या महिन्यात झोप तशीही तुकड्यातुकड्यांनी मिळते. लघवीला दोन-तीनदा उठावं लागतं, पोटऱ्यांत गोळे येतात, छातीत जळजळतं. त्यातून पहाटेची सलग झोप मोडून केलेलं ध्यान म्हणजे थकलेल्या शरीराला आणखी एक काम. बसल्या बसल्या झोप लागते, कारण झोप अपुरी आहे. याच्यात तुमचा काही दोष नाही.

दुसरी गोष्ट, श्वास रोखणं आजपासून बंद. गरोदरपणात प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक वाढलेलं असतं, त्यामुळे श्वास आपोआपच नेहमीपेक्षा खोल चालतो आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइड आधीच कमी असतो. वाढलेलं गर्भाशय छाती आणि पोटामधल्या पडद्याला साधारण ४ सेंटिमीटर वर ढकलतं. चार जिने चढल्यासारखी धाप बसल्या जागी लागते ती यामुळे. अशात जोर लावून खोल श्वास ओढत राहिलं की कार्बन डायऑक्साइड आणखी उतरतो, बोटांना मुंग्या येतात, ओठ बधिरतात, गरगरतं. मग श्वास कोंडून धरला की जीव घाबरतो. कपालभाती आणि भस्त्रिका यांत तर पोटाला हिसके बसतात, तेही बाळंतपण होऊन शरीर भरून येईपर्यंत नको.

आणि अभिमन्यू. सासूबाई मायेपोटीच बोलतात, त्यांच्याशी वाद घालू नका. पण गोष्ट नीट ऐकली तर त्यात सुभद्रा गरोदर आहे, रात्र आहे, ती दमली आहे आणि तिला झोप लागली आहे. गरोदर बाईनं हेच करावं. ध्यानात मन भटकल्यानं बाळाच्या मेंदूत काही उणं राहतं, याला कसलाही आधार नाही. बाळ साधारण पंचविसाव्या-सव्विसाव्या आठवड्यापासून आवाजाला प्रतिसाद देतं, आणि त्याला सगळ्यात जवळून ऐकू येतो तो तुमचा आवाज. तुम्ही मोठीला जेवायला हाका मारता, तिची वेणी घालताना बोलता, ते सगळं ते ऐकतंय. त्यासाठी वेगळी कॅसेट लावायला नको, आणि पोटावर हेडफोन तर नकोच.

ध्यानाचा उपयोग मात्र आहे, आणि तो तुमच्यासाठी आहे. बेंगळुरूत झालेला ३३५ गर्भवतींचा एक अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. एका गटानं रोज तासभर आसनं, श्वसन आणि ध्यान केलं, दुसरा गट रोज दोनदा अर्धा-अर्धा तास चालला. पहिल्या गटात अडीच किलो किंवा त्याहून जास्त वजनाची बाळं अधिक निघाली. गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, म्हणून यावरून छातीठोकपणे सांगता येत नाही. बाळ हुशार निघतं असं तर त्यात कुठंच नाही. ताण उतरतो, झोप बरी लागते, बाळंतपणाची भीती थोडी आटोक्यात येते, एवढ्यासाठी करा. तेवढं पुष्कळ आहे.

आता करायचं कसं ते. वेळ दुपारची धरा, मोठी झोपते तेव्हा, किंवा मागाची दुपारची सुट्टी असते तेव्हा. उपाशीपोटी बसू नका, भरल्या पोटी लगेच आडव्याही होऊ नका. आधी लघवीला जाऊन या, दोन घोट पाणी प्या आणि परकराची किंवा सलवारीची नाडी सैल करा. घट्ट नाडी पोटावर असताना श्वास खाली उतरतच नाही, आणि बायकांच्या हे लक्षातही येत नाही.

मांडी घालून पाऊण तास बसायची गरज नाही. पाय सुजतात, बधिरतात, ओटीपोटाच्या पुढच्या हाडात कळ येत असेल तर ती वाढते. पाठीला टेकण असलेली खुर्ची घ्या, कमरेमागे उशी, पावलं जमिनीवर टेकलेली. पाय पोहोचत नसतील तर खाली पाट. गुडघे कमरेपेक्षा किंचित खाली राहिले की पोटाला जागा मिळते. नाहीतर डाव्या कुशीवर झोपा, एक उशी गुडघ्यांच्या मध्ये आणि गोधडीची घडी पोटाखाली. क्लासमध्ये शवासन उताणं सांगत असतील तर ते करू नका. या महिन्यांत उताणं पडलं की गर्भाशयाचा भार पाठीच्या कण्याजवळच्या मोठ्या शिरेवर येतो, हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं, चक्कर येते, मळमळतं, बाळाकडे जाणारं रक्तही घटतं. रात्री झोपतानाही कुशीवरच झोपायला लागा. मध्येच जाग आली आणि उताणं दिसलात तर घाबरू नका, परत कूस घ्या.

दोन्ही तळवे बरगड्यांच्या बाजूला ठेवा. नाकानं साधा श्वास घ्या, ओढू नका. सोडताना गरम चहावर फुंकर घालतो तसा ओठांतून हळू सोडा. घेताना मनात चारपर्यंत, सोडताना सहापर्यंत. धाप लागत असेल तर तीन आणि चार. सोडणं घेण्यापेक्षा लांब असलं पाहिजे, एवढंच सांभाळायचं. लांब उच्छ्वासानं हृदयाची गती खाली येते, शरीराला ‘आता धोका नाही’ हे कळतं.

मोजायला बोटांची पेरं वापरा. चार बोटांना प्रत्येकी तीन पेरं, म्हणजे एका हाताला बारा. जपाला आपण करतो तसंच, प्रत्येक श्वासाला अंगठा एक पेर पुढं. चार-सहाचा एक श्वास दहा सेकंदांचा, बारा पेरं म्हणजे दोन मिनिटं. पहिला आठवडा एवढंच, दिवसातून दोनदा. मग दोन फेऱ्या, मग तीन. सहा मिनिटांच्या पुढं जायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. रोजची सहा मिनिटं ही आठवड्यातून एकदा रडतखडत केलेल्या पाऊण तासापेक्षा बरी.

विचार येणारच. मन निर्विचार करा असं सांगणाऱ्यांनी बायकांना फार छळलंय. बाजारातून काय आणायचं, मुलीच्या शाळेची फी, सोनोग्राफीत काय निघेल, जे यायचं ते येऊ दे. तुमचं मन कुठंही गेलं तरी अंगठा ज्या पेरावर होता तिथंच असतो. लक्षात आलं की त्या पेरापासून पुढं चालू. पुन्हा पहिल्यापासून नाही. तीस वेळा गेलं आणि तीस वेळा परत आलं, तर ते ध्यान नीट झालं.

रडू येतं त्याचं. काहींना डोळे मिटले की जास्त त्रास होतो, विशेषतः आधीचं काही साठून राहिलेलं असेल तर. मग डोळे मिटायचा हट्ट नको. डोळे उघडे ठेवा, पावलांखालची फरशी थंड आहे की गरम ते बघा, समोरच्या पाच वस्तूंची मनात नावं घ्या. तरीही नको वाटलं तर उठा आणि सुपात मूठभर तांदूळ घ्या. एका वेळी मूठभरच. दाणे पसरा, खडा, कोंडा, तूस बाजूला काढा, बोटांना दाण्याचा खरखरीतपणा कळू दे, मूठ संपली की दुसरी. पाच मिनिटं नजर आणि बोटं एका ठिकाणी राहिली की तेही ध्यानच. मोठीला शेजारी बसवून चार दाणे निवडायला दिले तरी चालतं.

मागांच्या आवाजाबद्दल दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वरच्या खोलीत येणारा खटखटाट ध्यानाला अडचण नाही. तो बंद व्हावा अशी वाट बघत बसलात तर चिडचिड होईल. तो ऐका, कांडीवरचं सूत संपून एक माग थांबला की आवाजात पडलेला खंड ऐका, परत सुरू झाला की तो ऐका. श्वास मात्र त्या ठेक्यावर नेऊ नका, मागात इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्याची गती श्वासाच्या कितीतरी पट आहे. दुसरी गोष्ट तब्येतीची. जिथं हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं, तिथं गरोदर बाईनं तासन्‌तास बसू नये. ८५ डेसिबलच्या वरचा आवाज सतत असला की तो पोटातून बाळापर्यंत जातो. तुम्ही कानात बोळे घातलेत तर तुमचे कान वाचतील, बाळाचे नाही. कांड्या भरायचं काम असेल तर चाक वरच्या खोलीत न्या. हे यजमानांना आणि सासऱ्यांना स्पष्ट सांगा.

ध्यानाच्या शेवटी दोन्ही हात पोटावर ठेवून मिनिटभर थांबलात तर छान. पण एक चूक करू नका. ‘मी शांत झाले म्हणून बाळही शांत झालं’ असं समजायचं नाही. अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर जेवण झाल्यावर डाव्या कुशीवर, डोकं थोडं उंच ठेवून पडा आणि हालचाली मोजा. दोन तासांत दहा भरल्या नाहीत, किंवा रोजच्यापेक्षा हालचाल मंदावल्यासारखी वाटली, तर श्वास मोजत बसू नका, त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखाना गाठा. तसंच न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे, चेहऱ्यावर सूज, अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं. ही लक्षणं दाबायला ध्यान वापरायचं नाही. खानापूरकडच्या आडगावात जाणार असाल तर पावसात ओढ्याला पाणी आलं की गाडी कुठून निघते, हे आधीच भावाला विचारून ठेवा. १०८ ला फोन केल्यावर गावाची खूण काय सांगायची तेही.

कळांच्या वेळी हीच पेरं कामाला येतात. ऐन भरातली कळ पाऊण ते एक मिनिटाची असते, म्हणजे दहा सेकंदांचे जास्तीत जास्त सहा श्वास, अर्धा हात. तिसऱ्या-चौथ्या पेराला कळ सर्वांत जास्त असते, तिथून उतरते, हे माहीत असलं की दातओठ खाल्ले जात नाहीत. जबडा सैल ठेवा, खांदे कानांपासून खाली. भराभर धापा टाकू नका. बाळ खाली येऊन जोर करायची वेळ आली की मात्र मोजणं सोडा आणि नर्स सांगेल तसं करा. तिथं नर्स घाईत कन्नडमध्येच बोलेल. ‘उसिरु तगोरी’ म्हणजे श्वास घ्या, ‘उसिरु बिडरी’ म्हणजे सोडा. आतापासून सरावात आठवड्यातून दोनदा यजमानांना हे दोन शब्द म्हणायला सांगा आणि त्यावर श्वास घ्या-सोडा. ऐन वेळी परके शब्द कानावर आले की शरीर आखडतं, ओळखीचे असले की ऐकतं. सरकारी दवाखान्यात प्रसूतीच्या वेळी एक बाई सोबत थांबू देण्याची मुभा केंद्राच्या आरोग्य खात्यानं २०१६ मध्ये दिली आहे. आई थांबणार की वहिनी, हे आधी ठरवून दवाखान्यात विचारून ठेवा.

बाळंतपणानंतर ध्यानासाठी वेगळा वेळ काढायचा प्रयत्नच करू नका. बाळ चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पितं, तेवढ्याच वेळा तुम्ही बसता. प्रत्येक वेळी पाजायला घेतलं की पहिले पाच श्वास लांब सोडा. बाळाला तोंड मोठं उघडून नीट धरू द्या, हनुवटी टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला. खांदे वर ओढून बाळावर वाकलात तर मान दुखते. बाळाला उशीनं वर आणा, आपण खाली जायचं नाही. आईचं अंग सैल असलं की पान्हा लवकर फुटतो, ताणात तो अडखळतो. रात्री मात्र खुर्चीत किंवा कॉटला टेकून डोळे मिटून पाजू नका, डुलकी लागली तर बाळ घसरतं किंवा त्याचं नाक दाबलं जातं. टाके असतील तर मांडी नको, कुशीवर पडूनच. सिझर झालं असेल तर टाक्यांवर उशी हलकी दाबून धरा.

अंगाला तेल लावायला बाई येईल. त्या अर्ध्या तासात तिचा हात जिथं आहे तिथं मन ठेवा, पोटरीवर आहे तर पोटरीवर, पाठीवर आहे तर पाठीवर. शरीरभर लक्ष फिरवण्याचं जे ध्यान शहरात पैसे भरून शिकवतात, ते हेच.

बाळंतिणीच्या खोलीतल्या शेगडीबद्दल काळजीनं लिहितो. मलनाडाचा, म्हणजे घाटालगतच्या डोंगराळ भागाचा पाऊस, ओल, म्हणून दारं-खिडक्या लावून आत निखाऱ्याची शेगडी आणि धुरी ठेवायची पद्धत अजून आहे. बंद खोलीत निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नसतो. डोकं जड होतं, गुंगी येते, आणि बाळंतिणीला वाटतं आज छान शांत वाटतंय. बाळाला तर सांगताही येत नाही. शेक द्यायचाच असेल तर निखारे बाहेर ठेवून कापड तापवून आणा किंवा गरम पाण्याची पिशवी वापरा. उदबत्तीही बाळाजवळ नको.

आता तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे. पत्रातलं हेच वाक्य आम्हाला सर्वांत महत्त्वाचं वाटलं. बाळंतपणानंतर तिसऱ्या ते पाचव्या दिवशी विनाकारण रडू येणं निम्म्याहून जास्त बायकांना होतं आणि दोन आठवड्यांत जातं. तुमचं दोन महिने राहिलं. तो स्वभाव नव्हता आणि कमकुवतपणाही नव्हता, बहुधा ते बाळंतपणानंतरचं नैराश्य होतं. आपल्या देशात साधारण पाचातल्या एकीला ते होतं. एकदा झालं की पुढच्या वेळी होण्याचा संभव वाढतो. ध्यानानं ताण हलका होईल, पण एवढ्यावर विसंबू नका. ते टळेल असं आम्ही सांगणार नाही.

म्हणून हे आत्ताच सांगा, बाळंतपणाआधी. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, तिथं सांगितलं तरी चालेल. कन्नडमध्ये असं म्हणा : ‘मोदल हेरिगे आद मेले मनस्सिगे त्रास आगित्तु.’ पहिल्या बाळंतपणानंतर मनाला त्रास झाला होता. ‘त्रास’ हा शब्द इकडच्या कन्नडात आपलाच आहे, समजेल. डॉक्टर दहा प्रश्नांची एक साधी यादी विचारतील किंवा धारवाडच्या मानसिक आरोग्य संस्थेत, डिमहान्समध्ये पाठवतील. अंगावर पाजताना घेता येतील अशी औषधं आहेत. कुणी आधीपासून मनाच्या गोळ्या घेत असेल तर गर्भसंस्काराच्या नावाखाली त्या आपल्या मनानं बंद करू नयेत.

आईला आणि यजमानांना एक खूण सांगून ठेवा : दोन आठवड्यांनंतरही उदास दिसले, बाळ झोपलेलं असतानाही मला झोप येत नसेल, जेवण उतरत नसेल, ‘मी नसते तर बरं’ असं बोलले, तर मी ‘काही नाही’ म्हटलं तरी दवाखान्यात न्यायचं. पहिल्या दोन आठवड्यांत रात्र-रात्र जागरण होऊनही थकवा न वाटणं, कुणी बोलल्याचे आवाज येणं, बाळ आपलं नाही असं वाटणं, हे हजारातल्या एक-दोघींनाच होतं, पण तेव्हा बाळ-बाळंतीण दोघांना क्षणभरही एकटं न ठेवता त्याच दिवशी दवाखाना. अशा वेळी ध्यान करायला बसवायचं नाही, त्यानं बिघडतं. रात्री बोलावंसं वाटलं तर टेलिमानस या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, फोन मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं.

एका चिठ्ठीवर तीन ओळी लिहून तायी कार्डाच्या, म्हणजे गरोदरपणाच्या नोंदींच्या सरकारी कार्डाच्या पिशवीत ठेवा, माहेरी जाताना सोबत न्या. ‘मगु अलुगाडुत्तिल्ल’, बाळ हलत नाही. ‘निद्दे बरुत्तिल्ल’, झोप येत नाही. आणि खाली १४४१६. चिठ्ठी कुठं आहे ते आईला आणि भावाला दाखवून ठेवा.